दुसरी चिठ्ठी

पाचव्या संध्याकाळीही वहीत बायकोच्या हातच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. अक्षर तेच राहिलं.

चिठ्ठ्यांचा नियम डॉक्टरबाईंचा. त्या दातांच्या डॉक्टर आणि या सात दिवसांच्या सायकलसफरीच्या म्होरक्या. मुक्कामी पोहोचल्यावर प्रत्येकाने आज सोबतच्या कुणाकडून काय शिकलो ते लिहून डब्यात टाकायचं; नाव घालायचं नाही, ना आपलं ना त्याचं. मग बाई त्या मोठ्याने वाचत आणि वहीत चिकटवत. तीस वर्षं इतरांना शिकवण्यात घालवलेल्या प्राध्यापकांना ही कल्पना पोरकट वाटली होती. आपल्याविषयीची म्हणावी अशी एकही चिठ्ठी निघेना, तसा तिच्या पोरकटपणाबद्दल त्यांना संशय उरला नाही.

जुन्या हस्तलिखितांचं संपादन हा त्यांचा पेशा. एका पोथीवर तीन हात फिरलेले आहेत हे त्यांनी केवळ ‘ळ’च्या वळणावरून दाखवून दिलं होतं आणि त्या भरात एका सहकाऱ्याची जन्मभराची प्रतिष्ठा निकालात काढली होती. बायकोचा ‘ळ’ तर घरचाच.

तिची पहिली चिठ्ठी नेहमीप्रमाणे बिनधोक होती. तहान लागायच्या आधी पाणी प्यावं, वगैरे. दुसरी अशी:

‘त्यांच्या मागे सायकल असली की वारा लागत नाही. खड्डा दिसायच्या आधी त्यांचा हात दिसतो. फारसं बोलत नाहीत. पण डोळे मिटून मागे जावं, असं माणूस.’

एक लोकांसाठी, एक मनातली. प्राध्यापकांनी वही मिटली.

मागे, म्हणजे कुणाच्या, याला संशोधनाची गरज नव्हती. सगळे एका ओळीत चालवत. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि खड्डा आला की हात खाली करून दाखवायचा. मागच्याला पाठीपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून तोच हात एकेकाने मागे पोचवायचा. पहिल्या दिवशी लावलेला क्रम बाईंनी बदलला नव्हता. सर्वांत पुढे प्राध्यापक. खांदे रुंद, वारा बरा अडतो म्हणून बाईंनी त्यांना तिथे ठेवलं होतं. त्यांनी तो विद्वत्तेचा मान धरला होता. त्यांच्या मागे टेलरमास्तर. टेलरमास्तरांच्या मागे बायको.

टेलरमास्तर साठीचे, काटकुळे. सायकल लोखंडी, त्यांच्याच वयाची वाटावी अशी. सुईदोरा कायम खिशात. बायकोचा फाटलेला हातमोजा त्यांनी चहा होईस्तोवर शिवून दिला, त्यावर ती केवढी हसली. प्राध्यापकांच्या शर्टाचा उसवलेला खिसाही त्यांनी न विचारता टाचला. प्राध्यापकांनी तो खोलीत जाऊन ब्लेडने पुन्हा उसवला.

सहाव्या दिवशी सकाळी हवा भरताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “दिवसभर काय बोलतो गं तो तुझ्याशी?”

“कोण, मास्तर? काही नाही. मला नुसती पाठ दिसते.”

“पुरेशी दिसते.”

तिने पंपावरची नजर उचलली. “तुम्हाला काय झालंय?”

“हवा कमी आहे,” ते म्हणाले.

चिठ्ठीबद्दल त्यांनी विचारलं नाही. पुरावा हाती असताना साक्षीदाराच्या तोंडाकडे बघणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. त्या संध्याकाळी पुन्हा तिच्या हातच्या दोन चिठ्ठ्या आल्या. दुसरीत एवढंच होतं: ‘चढावर त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. तेवढ्यावर चढ निघाला.’

प्राध्यापकांना आठवलं, चढावर त्यांनी वळून पाहिलं होतं, ते दोघांमधलं अंतर मोजायला. म्हणजे पाठोपाठ तोही वळला असणार, तिच्याकडे.

शेवटच्या दिवशी दुपारी, उतारावर, खड्डा त्यांना चांगला लांबून दिसला. परातीएवढा, काठाला खडी. हात हॅंडलवरून सुटला नाही. त्यांनी सायकल वीतभर डावीकडे घेतली आणि पुढे गेले. मागे लोखंडाचा आवाज झाला, मग बायकोची किंकाळी. ती कडेच्या गवतात सायकल घालून वाचली होती. टेलरमास्तर वाचले नव्हते म्हणायचं, तर हनुवटीला पाच टाके आणि मनगटाचं हाड मोडलेलं, एवढंच.

“दिसला नाही,” प्राध्यापक डॉक्टरबाईंना म्हणाले. कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

गावातला दवाखाना दोन खोल्यांचा होता. प्राध्यापकांना टेलरमास्तरांची पिशवी आणायला पिटाळलं गेलं. परतले तेव्हा आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बायको खाटेशी स्टुलावर, मांडीवर कागद, मान त्या माणसाच्या तोंडापर्यंत झुकलेली. प्राध्यापक दाराबाहेर थांबले. सात दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं. आता कुणी त्यांना संशयी म्हणू शकणार नव्हतं.

“आज राहू द्या ना, मास्तर,” ती म्हणत होती. “बोलताना टाके ओढतील.”

“नाही ताई. सहा दिवस माझी चिठ्ठी तुम्ही लिहून दिलीत, आज खाडा नको.”

“मग एकदा सांगू का यांना? की रोजचं ते यांच्याबद्दल तुम्ही सांगत होता म्हणून? बरं वाटेल हो त्यांना.”

“छे छे. एवढा शिकलेला माणूस. मागच्याला सहीसुद्धा येत नाही हे कळलं, तर सर माझ्यापुढे चालवायला संकोचतील. तुम्ही लिहा.” टेलरमास्तरांनी टाक्यांवरून जपून बोट फिरवलं. “लिहा, आज त्यांनाही खड्डा दिसला नाही. दिसला असता, तर हात झाला असता.”