पायगुण

पूल अजून धड झाला नव्हता, म्हणून बस अलीकडेच थांबली. वाहकाने सगळ्यांना उतरवलं. पलीकडची गाडी यायला वेळ आहे, तोवर पाय मोकळे करा, म्हणाला. रंगाऱ्याने पिशवी खांद्याला लावली, मागोमाग त्याची बायको उतरली. त्यांचं जुनं घर इथून हाकेच्या अंतरावर होतं. मुलीकडे जायला हा एकच रस्ता. वादळ झाल्यापासून कधी गुडघे, कधी हातातलं काम अशी निमित्तं काढून त्याने तो टाळला होता.

"आलोच आहोत तर बघून येऊ," बायको म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागली.

वाट ओळखू येत नव्हती. शेतात एक होडी आडवी पडली होती, तिच्यावर कोणीतरी कपडे वाळत घातले होते. खारं पाणी लागलेली झाडं उभ्या उभ्या जळल्यासारखी दिसत होती. मधूनच एखाद्या घरावर नवेकोरे पत्रे चमकत होते. एका भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं, 'दार बिघडलंय, मागून या.' मागे काहीच उरलं नव्हतं.

रंगारी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. त्यांचं घर रस्त्याच्या टोकाला, सगळ्यांत सखल जागी. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी मागच्या दाराने गुपचूप आत यायचं, मागच्या खोलीत घोटाभर साचायचं आणि ओहोटीबरोबर निघून जायचं. शेजार लांब, त्यामुळे कानोकान खबर नसायची. घर विकायचं ठरलं तेव्हा त्याने ओल धरलेला गिलावा खरवडला, भेगांत पुट्टी भरली आणि वरून रंगाचे दोन हात मारले. जन्मभर लोकांच्या भिंतींचं वय लपवलेला माणूस, स्वतःच्या भिंतीला काय हरणार?

घर घ्यायला आलेला बेकरीवाला सरळ स्वभावाचा होता. त्याने घासाघीस केली नाही, फक्त एक गोष्ट विचारली. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांची खाट मागच्या खोलीत टाकायची होती. तिथे कधी पाणी येतं का? इतकी वर्षं राहिलो, उंबरासुद्धा कधी ओला झाला नाही, असं रंगाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. बायको तेव्हा चहा गाळत होती. ती क्षणभर थांबली, पण बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागत आलं होतं.

आज तो खरं सांगणार होता. तोंडावर थुंकले तरी चालेल, पण एकदा बोलून मोकळं व्हायचं.

घराच्या जागी जोतं तेवढं होतं. त्यावर पत्र्याची शेड, आणि पडलेल्या घराच्याच विटांची नवी भट्टी. पावाचा खरपूस वास सुटला होता. बेकरीवाल्याने त्यांना लांबूनच ओळखलं आणि तो जागच्या जागी थिजला. त्याची बायको लगबगीने पुढे आली, तिने बाक पुसला, चहा आणि गरम पाव आणून ठेवला. दोघंही नजर वर करत नव्हते. रंगाऱ्याला वाटलं, राग गिळतायत.

कोपऱ्यात म्हातारे वडील खाटेवर पडले होते. सुनेने पाहुण्यांना प्यायला कळशीतून पाणी ओतलं, तेव्हा तो आवाज ऐकून त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

मग बेकरीवाला हळूहळू सांगू लागला. वादळाचा इशारा आला तेव्हा बाकी सगळं गाव टेकडीवरच्या शाळेत गेलं होतं. पण वडिलांना हलवायचं म्हणजे त्यांचे हाल. शिवाय या घरात कधी पाणी आलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून हे तिघं घरातच थांबले. पाणी मागच्या दाराने आलं. ते दार उखडून त्यावर वडिलांना निजवलं आणि दोघांनी गळाभर पाण्यातून त्यांना ओढत टेकडीपर्यंत नेलं. मागे वळून पाहिलं तेव्हा घर खाली बसलं होतं. हे सगळं तो गुन्हा कबूल केल्यासारखं सांगत होता.

रंगाऱ्याने कप खाली ठेवला. "त्या घराबद्दल मला तुम्हाला..."

"थांबा काका, आधी आम्हाला बोलू द्या," बेकरीवाल्याची बायको म्हणाली. "तुमच्या इतक्या वर्षांत जे घडलं नाही, ते आम्ही आल्यावर घडलं. लोक म्हणतात ते खोटं नाही. आमचाच पायगुण वाईट."

"तुम्ही भरवशाने दिलेलं घर होतं," बेकरीवाला म्हणाला. "आम्हाला ते सांभाळता आलं नाही. तुमच्यासमोर कोणत्या तोंडाने यावं, हेच कळत नव्हतं. रागावू नका."

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, शांतपणे, आता तरी बोलेल म्हणून. एका वाक्याचं तर काम होतं. तेवढ्याने या दोघांच्या उरावरचा धोंडा उतरला असता. पण समोर ती दोघं मान खाली घालून उभी होती, एखाद्या मोठ्या मनाच्या माणसासमोर उभं राहावं तशी. असं त्याच्यापुढे आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं.

त्याने बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे," तो म्हणाला. "मी काही मनात ठेवलेलं नाही."

बेकरीवाल्याला भरून आलं. तो वाकून पाया पडला, आणि रंगाऱ्याने पाय मागे घेतले नाहीत.