पिठातलं पाऊल

तलावात बुडालेल्या खुशबूताईच्या तेरवीला आईनं तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. मेलेल्याला जो जन्म मिळतो, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात.

सकाळी आई म्हणाली, "मोना, तिकून धर." टोपली उचलली. पिठात सहा बोटांचं पाऊल होतं. आमच्या गावात सहा बोटं फक्त माझ्या पायाला आहेत.

आईनं झटकन पीठ सारखं केलं, बोटानं पाखराचे पाय काढले आणि अंगणातल्या बायांना हाक मारली, "चिमणी झाली माही पोरगी!"

त्या गेल्यावर मी ओरडले, "खोटं काहून सांगितलं? ते माहं पाऊल होतं."

आईनं माझा पाय मांडीवर घेतला. सहावं बोट कुरवाळत हळूच म्हणाली, "कोणाले सांगू नोको, खुशबू."