निम्म्या खर्चाचं ऑपरेशन

"नराचं केलंत तर निम्म्यात होईल," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पंखे आणि मिक्सर दुरुस्त करण्यात समोर बसलेल्या माणसाचा जन्म गेला होता. टूथपेस्टची नळी संपली की तो ती कात्रीने उभी चिरून आणखी चार दिवस चालवायचा. 'निम्म्यात' म्हटल्यावर अशा माणसाची कळी खुलायला हवी होती. पण तो खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला. त्याच्या पायाशी साहेब ऐसपैस पसरला होता आणि बायकोच्या मांडीवर ठकी थरथरत होती. ही दोघं कुत्री, सख्खी भावंडं, पिल्लं असताना त्याच्या दुकानाच्या पायरीवर सापडली होती. आता वयात आली होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणखी पिल्लांना जागा नव्हती.

"खरं तर नसबंदीचं ऑपरेशन दोघांचंही करायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आत्ता एकाचंच जमत असेल तर नराचं करा. त्याचं वरच्यावर असतं, उद्या हिंडायला लागेल. मादीचं पोट उघडावं लागतं. म्हणून तर खर्च दुप्पट."

त्याने साहेबकडे पाहिलं. साहेबने शेपटी आपटली.

"नको नको, तिचंच करा," तो घाईघाईने म्हणाला. "हा बिचारा ढिला पडायचा. बाईची जात काटक असते. तिला काही होत नाही."

बायको ठकीचा कान नुसता कुरवाळत राहिली.

अशा रीतीने, निम्म्यात होणाऱ्या गोष्टीला त्याने आयुष्यात प्रथमच दुप्पट मोजले, तेही घासाघीस न करता.

पण ठकीला बाहेर आणलं तेव्हा तो ताडकन उठून पुढे झाला. जीभ लोंबलेली, डोळे अर्धवट उघडे, भादरलेल्या पोटावर टाक्यांची रांग. सकाळी जिना उतरताना ही चपला पळवत होती. "दोन आठवडे उडी नाही, जिना नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "टाक्यांवर ताण आला तर जन्माचं दुखणं मागे लागेल. कोणीतरी जवळ राहा." त्याने एकेक सूचना पुन्हा म्हणून दाखवली आणि ठकीला छातीशी धरून घरी नेलं.

मग घरात वेगळंच राज्य सुरू झालं. दुकान उशिरा उघडायला लागलं. तो ठकीशेजारी जमिनीवर अंथरूण टाकून झोपू लागला. मऊ भात हातावर घेऊन तिला भरवू लागला. खेळायला आलेल्या साहेबला खोलीबाहेर हाकलू लागला. दिवसातून तीनदा तिला उचलून खाली न्यायचा आणि तसाच उचलून वर आणायचा. पैसे वसूल व्हायला नकोत का, असं तो लोकांना सांगे. खरं म्हणजे त्याचा जीव तुटत होता.

"बाळंतिणीचीसुद्धा कोणी एवढी बडदास्त ठेवत नाही हो!" तळमजल्यावरची शिंपीण एकदा मशीन थांबवून म्हणाली.

"ठेवावी लागते," तो जिन्याच्या तोंडाशी थांबून ऐटीत म्हणाला. "पोटाचं ऑपरेशन म्हणजे काय चेष्टा वाटली?"

बाजारातून आलेली बायको मागेच उभी होती. तिच्या एका हातात बटाटे-कांद्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात तेलाचा डबा. तो पुढे निघाला, ती मागून. ठकीला धक्का लागू नये म्हणून तो एकेक पायरी जपून चढत होता. दुसऱ्या मजल्यावर मागची पावलं थांबली. त्याने वळून पाहिलं. बायकोने पिशवी आणि डबा खाली ठेवला होता आणि कमरेवर हात देऊन ती भिंतीला टेकली होती. तिची कंबर जुनीच दुखरी. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर जी धरली, ती सुटलीच नाही. हवेमुळे दुखते, असं त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं आणि मलमाची एक डबी आणून दिली होती.

"काय गं?"

"काही नाही, दम खाते." ती त्याच्या हातातल्या ठकीकडे बघत होती, टाक्यांकडे. "अहो, एक विचारू?"

"विचार की."

"धाकट्यानंतर माझं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं का हो? नाही म्हणजे, घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी खालच्या नळावरून पाणी आणलं. ह्याच जिन्याने. धाकटा कडेवर होता."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला उलट काही बोलता आलं असतं, तिसरंच काही काढून भांडता आलं असतं. ती खरंच विचारत होती. इतकी वर्षं आपलंच अंग नाजूक निघालं असं समजून चाललेल्या बाईने सहज विचारावं, तसं.

त्याने नजर ठकीच्या टाक्यांकडे वळवली.

"आता कुठलं आठवायला," तो म्हणाला.

ओझं घ्यायला तो वाकला, पण हात ठकीमुळे अडकलेले होते. तोवर बायकोने पिशवी आणि डबा उचललाही.

"चला, तिला अवघडल्यासारखं होईल," म्हणत ती त्याच्या पुढे होऊन जिना चढू लागली. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मग पुढची पायरी. ती अशी चढते, हे त्याने आज पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी म्हणाले होते, पुरुषाचं सोपं असतं, तुम्हीच करून घ्या. नंतर म्हणाले होते, महिनाभर हिला जड उचलू देऊ नका. दोन्ही वेळा ऐकायला तो एकटाच उभा होता.