नऊ जानेवारीचा दिनविशेष

दिनविशेषाच्या फळ्यासाठी ग्रंथपाल उपासनी सुईण हौसाबाईंची खरी जन्मतारीख शोधत होते. शाळेत गुरुजींनी सगळ्यांसारखीच एक जून टाकली होती. अडीच हजार बाळंतपणं सुखरूप केलेल्या बाईंना अशी उसनी तारीख शोभत नव्हती.

ग्रंथालयातल्या भूतकाळ दाखवणाऱ्या पडद्यासमोर ते हौसाबाईंना घेऊन बसले, आणि अखेर त्यांच्या जन्माची झोपडी दिसली. तारीख होती नऊ जानेवारी.

"बंद करू का, बाई? पुढे तुमची आई जाते."

"ऱ्हाऊ द्या. पोरीनं जन्मताच आईला गिळलं, हे ऐकतच म्हातारी झाले मी."

हौसाबाई सुईणीच्या नजरेने बघत राहिल्या.

"मूल झालं, पण वार आत अडकलीय हिची, रक्त थांबंना," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीचा काय दोष त्यात?"

उपासनींनी खडू उचलला.

"आधी आईचं नाव लिवा, भाऊ. मग माझं."