पदराची गाठ

लेखन-तपासणी यंत्रावर लाल दिवा लागला.

"कंपनीच्या कादंबरीतली बाई तुझ्या कथेत उचललीस. तिच्यावर हक्क कंपनीचा," निरीक्षक तामणकर शर्वाणीला म्हणाले. "नाव बदललंस, गाव बदललंस, पण खोटं बोलताना पदराला गाठ मारते, तिथेच यंत्रानं ओळखली. ही तुझी दुसरी खेप. लेखनाचा परवाना कायमचा रद्द."

त्यांनी शिक्का उचलला. शर्वाणीनं हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"साहेब, ही गाठ कादंबरीत कुठल्या पानावर आहे?"

तामणकरांनी वैतागून यंत्राला विचारलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'कादंबरीत नाही. आधार: गेल्या वर्षी जप्त केलेली वही. लेखिका: शर्वाणी कुलथे.'

तामणकरांचा शिक्का हवेतच राहिला.