मांडीवरच्या ओव्या

नवरा आनंदराज मुदखेडला रेल्वेच्या ड्यूटीवर गेला की मनिषा ईश्वरीला मांडीवर घेऊन हळू आवाजात ओव्या म्हणायची. ईश्वरी जन्मापासून बहिरी होती. ओवीची चाल मनिषाच्या आईची होती, शब्द मनिषाचे.

"मांडीवर माझी लेक, भीती माझ्या काळजात,
हसून बोलते मी, आल्या-गेल्या माणसांत."

शेजारच्या पार्वतीबाईंना दारातून तिचे ओठ हलताना दिसायचे. "पोरीला ऐकू येत न्हाई, अन् तू कुणाला गाऊन राहिलीस?" त्या विचारायच्या. मनिषा नुसती हसायची.

पुढे नांदेडला ईश्वरीच्या कानाचं ऑपरेशन झालं, कानामागे मशीन बसलं. वर्षभराच्या सरावानं ती एकेक शब्द ओळखू लागली.

एका दुपारी ओवी ऐकता ऐकता तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, भीती?"

"न्हाई गं बाई," मनिषा हसून म्हणाली.

लेकीनं पहिला प्रश्न विचारला म्हणून संध्याकाळी आनंदराजनं गल्लीभर पेढे वाटले.



मन मोकळं करायला मनिषाला आता घरात कोणीच उरलं नव्हतं.