तिला काय हवंय

जपानीचे सर वर्गात बजावायचे, "दुसऱ्याला काय हवंय ते जपानीत ठोकून द्यायचं नसतं. 'हवंसं दिसतंय' म्हणायचं. दुसऱ्याच्या मनात आपण थोडेच शिरलोय?"

हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनला, की क्लासच्या रिसेप्शनिस्टबद्दल ते घरी तीन वर्षं एकच सांगत होते, "आई, मी तिला आवडत असल्यासारखं दिसतंय."

शेवटी आई डबा द्यायच्या निमित्ताने थेट काउंटरवर धडकली.

"पोरी, याला तुझ्याशी लग्न करायचंय."

सरांचे कान लालबुंद. "अगं, पण तिला काय हवंय?" ती समोर उभी असताना त्यांनी आईलाच विचारलं.

आईने तिच्याकडे एकदाच पाहिलं. "तिला लवकरची तारीख हवीय."

"रविवार चालेल, आई," रिसेप्शनिस्ट म्हणाली.